पाच वर्षं आणि एक टोमॅटो

पीएचडी करणाऱ्याला कुठल्याही लग्नात दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘म्हणजे आता तू गोळ्या देणार का?’ आणि दुसरा, ‘मग, कधी संपतंय?’ पहिला हसून टोलवता येतो. दुसऱ्याला मी साडेसहा वर्षं ‘झालंच आता’ असं सांगत होते. कॉलेजची नोकरी, घर, नॅकच्या फायली, कॅपमध्ये तपासायचे पेपर आणि वर प्रबंध. एवढं सगळं म्हटल्यावर वेळ कुठून मिळणार, अशी माझी ठाम समजूत होती. मग मी वेळ या विषयावर वाचायला लागले (प्रबंधाचं वाचायचं सोडून, अर्थात). वाचता वाचता लक्षात आलं की भानगड उलटी आहे. पीएचडीला वेळ कमी पडत नाही. पीएचडीला वेळ फार असतो, आणि तिथंच सगळं नडतं.

त्या चोरट्या वाचनात हाताला लागलेला हा खाऊ.

आधी जरा हिशोब

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं लागतात आणि जास्तीत जास्त सहा मिळतात. नाही झालं तर पुन्हा नोंदणी करून आणखी दोन. बायकांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्याच्यावर आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळीच. म्हणजे पोरगी बालवाडीत घातली त्या वर्षी रजिस्ट्रेशन केलं, तर ती आठवीत जाईपर्यंत आई नियमात बसून ‘चालू आहे’ म्हणू शकते.

आता दुसरी बाजू. ८०,००० शब्दांचा प्रबंध आणि पाच वर्षं असं धरलं तर रोजचे शब्द किती येतात? ४४. चव्वेचाळीस! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरबद्दल मी एका दमात याहून जास्त लिहिते. हा हिशोब मी एकदा गाईड सरांना दाखवला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, ‘छान. कालचे ४४ कुठायत?’

पोस्टकार्ड टाकणाऱ्या आजीबाई

हातात जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगतं, हा पार्किन्सनचा नियम ऑफिसातल्या शिपायालाही पाठ असतो. तो पहिल्यांदा छापून आला १९५५ च्या नोव्हेंबरात, ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकात, आणि तोही गंमत म्हणून. लिहिणारे सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन हे इतिहासकार. त्यांनी उदाहरण दिलं होतं एका रिकामटेकड्या आजीबाईंचं. भाचीला एक पोस्टकार्ड पाठवायचंय. कार्ड शोधण्यात तास जातो, चष्मा शोधण्यात तास जातो, पत्ता हुडकण्यात अर्धा तास, मजकुरात सव्वा तास, आणि पेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की नको या विचारात वीस मिनिटं. कामात बुडालेला माणूस हेच सगळं तीन मिनिटांत उरकतो.

पार्किन्सनसाहेब स्वतः लंडनच्या किंग्ज कॉलेजचे पीएचडी होते. हे कळल्यावर त्या आजीबाई कुठून आल्या असतील याबद्दल मला तरी शंका उरली नाही. माझ्या दुसऱ्या प्रकरणात ‘प्रास्ताविक’ म्हणावं की ‘भूमिका’, या प्रश्नाला एक अख्खी दिवाळीची सुट्टी गेली होती. छत्री घ्यावी की नको, तसलंच ते.

उलट सहामाही प्रगती अहवालाची आदली रात्र आठवून बघा. समितीसमोर सकाळी अकराला उभं राहायचंय. रात्री साडेनऊला ओटा पुसून बसते ती पहाटे तीनपर्यंत २२ स्लाइड तयार. पाच महिने एकोणतीस दिवस जे जमलं नाही, ते साडेपाच तासांत. मग समितीतले एक सर म्हणतात, ‘प्रगती समाधानकारक आहे’, आणि पुढचे पाच महिने एकोणतीस दिवस वाटोळे व्हायला मोकळे.

स्वतःच्या बाबतीत सगळेच भोळे

१९९४ मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस या तिघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मानसशास्त्राच्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा ऑनर्सचा प्रबंध किती दिवसांत हातावेगळा होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, सगळं अगदी उलटंपालटं झालं, होईल तेवढं वाईट झालं, तर किती? उत्तर आलं ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. वाईटात वाईट धरून सांगितलेल्या तारखेच्याही पुढे एक आठवडा! सांगितलेल्या दिवसांत खरोखर संपवणारे निघाले जेमतेम ३० टक्के.

याच लेखात आणखी एक बारीक गोष्ट होती, मला ती जास्त आवडली. दुसऱ्याच्या कामाला किती वेळ लागेल हे सांगताना माणसं अजिबात भोळी नसतात. उलट हातचं राखून सांगतात. म्हणजे तुमचा प्रबंध कधी संपेल हे तुम्हाला सोडून बाकी सगळ्यांना कळतं. सासूबाई, लायब्ररीतला शिपाई, समोरचा झेरॉक्सवाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

या भोळेपणाला ‘नियोजनाचा भ्रम’ असं नाव देणारे मानसशास्त्रज्ञ म्हणजे डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की. कानेमननी स्वतःची फजितीही लिहून ठेवली आहे. इस्रायलमधल्या शाळांसाठी ते एक पाठ्यपुस्तक तयार करत होते. विषय काय, तर निर्णय कसे घ्यावेत! गटातल्या प्रत्येकानं चिठ्ठीवर अंदाज लिहिला, सगळे दोन वर्षांच्या अलीकडे-पलीकडे. मग त्यांनी गटातल्या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, अशा बाकीच्या गटांना किती लागतात हो? तो विचारात पडला आणि म्हणाला, साधारण ४० टक्के तर पूर्णच करत नाहीत, बाकीच्यांना सात ते दहा वर्षं. त्याच गृहस्थांनी दोन मिनिटांपूर्वी स्वतःच्या चिठ्ठीवर दोन वर्षांचाच आकडा टाकला होता. पुस्तक झालं आठ वर्षांनी. वापरलं कुणीच नाही.

आणि हे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ. आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचे छपाईचे खर्डे बघून ते वैतागले आणि १९७७ मध्ये अक्षरजुळणीची आज्ञावली स्वतःच लिहायला बसले. एका दीर्घ रजेत संपेल, असा त्यांचा हिशोब. संपायला १९८९ उजाडलं. ती आज्ञावली म्हणजे ‘टेक’. गणित आणि भौतिकशास्त्राचे प्रबंध आजही तिच्यावर किंवा तिच्या लेकीवर, म्हणजे ‘लाटेक’वर जुळवले जातात. मजा म्हणजे तिच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला ‘पाय’च्या किमतीच्या एकेक अंक जवळ सरकतो: ३.१, ३.१४, ३.१४१... पाय कधी संपत नाही, हे वेगळं सांगायला नको. कनुथनी १ जानेवारी १९९० पासून ई-मेल बघणं बंद केलं, तेही इथंच सांगून टाकते. आपल्याला हे परवडत नाही. आपला गाईड मेलवरच भेटतो.

चौदा महिने, चाळीस पानं, एक टेबल

आता एका मराठी बाईची गोष्ट. ही थोडी सावकाश सांगते.

कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठात रसायन-भौतिकशास्त्राच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. बाई आहे म्हणून नकार आला. कमलाबाई तिथंच ठाण मांडून बसल्या, कारण विचारत राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून. पहिलं वर्ष उमेदवारीचं, काम पसंत पडलं तरच पुढे. म्हणजे सगळ्यांना दोन-तीन वर्षांचा निवांतपणा आणि यांच्या डोक्यावर बारा महिन्यांची टांगती तलवार. वर्ष संपलं, काम पसंत पडलं, आणि त्यानंतर संस्थेचं दार मुलींसाठीही उघडलं.

पुढे केंब्रिज. तिथं पोचल्या तेव्हा प्रयोगशाळेत जागाच नव्हती. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकांनी आपलं टेबल देऊ केलं: दिवसा तुम्ही काम करा, रात्री मी त्यावर झोपतो. हे टेबल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. संध्याकाळी आवरायचंच, कारण साहेबांना आडवं व्हायचंय! ‘अजून जरा बसते’ नाही, ‘उद्या बघू’ नाही. काचेची भांडी उचलायची, टेबल पुसायचं, निघायचं. वेळेच्या नियोजनाची शंभर ॲप एकीकडे आणि रात्री झोपायला येणारे हे गृहस्थ एकीकडे.

वनस्पतींच्या पेशींत श्वसनासाठी लागणारं सायटोक्रोम सी हे द्रव्य असतं, हे कमलाबाईंनी दाखवून दिलं. चौदा महिन्यांत काम संपलं. प्रबंध ४० पानांचा. १९३९ मध्ये पदवी, आणि विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून नाव.

कुणाला पानांवरून कमीपणा वाटत असेल तर भागाकार करून बघा. चाळीस पानं भागिले चौदा महिने, म्हणजे महिन्याला तीन पानंसुद्धा नाहीत. आपल्याकडे ‘किती पानं झाली?’ हा प्रश्न ज्या सुरात विचारतात, त्यात आणि वाण्याकडच्या ‘किती किलो देऊ?’मध्ये मला फारसा फरक वाटत नाही. गणितज्ञ जॉन नॅश यांचा प्रिन्स्टनचा १९५० चा प्रबंध २८ पानांचा होता. त्यातल्या कामाला १९९४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्याकडे २८ पानं तर प्रमाणपत्रं, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिकेतच खपतात.

मोठी पदवी आधी, धाकटी मागून

बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांचा क्रम पाहिला की आपल्या सगळ्या सबबी गपगार होतात. कोलंबिया विद्यापीठातला मुक्काम १९१३ ते १९१६. तिथून लंडनला गेले तोवर बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ मध्ये परत यावं लागलं. पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीनं येत होतं. महायुद्ध चालू होतं, ती बोट पाणतीरानं बुडाली. जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी. आमच्या एका मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हवर चहा सांडला तेव्हा तिनं दोन महिने सुतक पाळलं होतं.

मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये स्वारी पुन्हा लंडनला. जेमतेम तीन वर्षांत एम.एस्सी., बॅरिस्टरी आणि डी.एस्सी.चा रुपयावरचा प्रबंध. ग्रंथालयाचं दार उघडताना आत आणि बंद होताना बाहेर, असा दिनक्रम. खिशातले पैसे किती दिवस पुरतील, हेच त्यांचं वेळापत्रक. डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये.

आणि कोलंबियाची पीएचडी? ती राहिलीच होती! तिथं तेव्हा प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ मध्ये लंडनमध्ये छापून निघाला आणि पदवी आली १९२७ मध्ये. महाडच्या सत्याग्रहाचंच हे वर्ष. चवदार तळं आणि पीएचडी एकाच सालात बसवणारा माणूस ‘वेळ कसा काढला?’ या प्रश्नाला काय म्हणाला असता, कुणास ठाऊक.

उशिरा येणाऱ्यांचा क्लब

उशीर हा गुन्हाच असतो असं नाही. १९३९ साली बर्कलीत जॉर्ज डँटझिग हा विद्यार्थी संख्याशास्त्राच्या तासाला उशिरा पोचला. फळ्यावर दोन गणितं दिसली, गृहपाठ समजून त्यानं उतरवून घेतली. नेहमीपेक्षा जरा अवघड वाटली. काही दिवसांनी सोडवून प्राध्यापक जर्झी नेमन यांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि उशिराबद्दल माफीही मागितली. ती दोन्ही गणितं तोवर कुणालाच सुटली नव्हती! पुढे प्रबंधाला विषय कोणता घेऊ विचारल्यावर नेमन म्हणाले की तीच दोन उत्तरं एका फायलीत घालून आण. वेळेवर गेला असता तर ‘ही न सुटलेली गणितं आहेत’ हे वाक्य ऐकलं असतं आणि गप बसला असता.

ब्रायन मे. क्वीन या बँडचा गिटारवाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ग्रहमालेतल्या धुळीवर संशोधन करत होता. १९७४ च्या सुमारास बँड जोरात चालायला लागला, प्रबंध कपाटात गेला. २००७ मध्ये बाहेर काढून पूर्ण केला, पदवी घेतली. मधल्या तीसेक वर्षांत त्या धुळीवर फार कुणी काम केलं नव्हतं म्हणून जमून गेलं. विषय निवडताना लोक ‘यात आधी काम झालंय का’ हे बघतात. ‘मी तीस वर्षं नसले तरी कुणी करणार नाही ना’ हेही बघून ठेवावं.

आणि या क्लबच्या अध्यक्षा इंगेबोर्ग रॅपोपोर्ट. यांचा उशीर मात्र स्वतःचा नव्हे. हॅम्बुर्गमध्ये घटसर्पावरचा त्यांचा प्रबंध १९३८ मध्ये तयार होता. आई ज्यू वंशाची म्हणून नाझी राजवटीत तोंडी परीक्षेलाच बसू दिलं नाही. २०१५ च्या मे महिन्यात तीन परीक्षक त्यांच्या बर्लिनच्या घरी आले आणि दिवाणखान्यात व्हायवा झाला. बाईंचं वय १०२. नजर अधू झाली होती, म्हणून घटसर्पाबद्दल मधल्या ७७ वर्षांत काय काय नवीन झालं ते मित्रमंडळींकडून शोधून, ऐकून घेऊन तयारी केली होती. पुढच्या महिन्यात डॉक्टर झाल्या.

टोमॅटो विरुद्ध कुकर

आता तो शीर्षकातला टोमॅटो. १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रांचेस्को चिरिल्लो या इटलीतल्या विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना. त्यानं स्वतःशीच पैज लावली: दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं नीट अभ्यास करून दाखव. आणि स्वयंपाकघरातलं चावीचं घड्याळ समोर ठेवलं. ते होतं टोमॅटोच्या आकाराचं. टोमॅटोला इटालियनमध्ये म्हणतात पोमोदोरो. पहिल्या खेपेला तो हरला, हे त्यानं प्रामाणिकपणे लिहिलंय. पुढे गणित बसलं: २५ मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी, असे चार झाले की मोठी सुट्टी. आज या पद्धतीची शेकड्यानं ॲप निघाली आहेत आणि त्यातलं कुठलं चांगलं हे ठरवण्यात एक दुपार सहज जाते. माझी गेली.

शेवटी मला सापडला तो कुकर. तूरडाळ आणि भात लावला की आमच्या कुकरला तीन शिट्ट्या व्हायला बावीस-तेवीस मिनिटं लागतात. स्वयंपाकघराच्या दारातच जेवणाचं टेबल, त्यावर लॅपटॉप. गॅस लावला की बसायचं. पहिली शिट्टी येईपर्यंत कालचं वाचून होतं. दुसरीला एक परिच्छेद हलायला लागतो. तिसरीला उठायचंच, कारण नाही उठलं तर डाळ तळाला लागते आणि त्या वासानं घरातला प्रत्येक माणूस ‘प्रबंध चालू आहे वाटतं’ म्हणत बाहेर येतो. तीन वेळा लागली. चौथ्या प्रकरणातला जातक कथांवरचा भाग चांगला उतरलाय असं सर म्हणाले. तो त्यातल्याच एका संध्याकाळचा आहे.

रोज थोडं लिहिण्याबद्दल रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञानं नव्या प्राध्यापकांवर एक प्रयोग केला होता. पहिल्या गटानं पूर्वीसारखंच, वेळ मिळेल तसं लिहिलं: वर्षाला सरासरी १७ पानं. दुसऱ्यानं रोज लिहून नोंद ठेवली: ६४ पानं. तिसऱ्यानं रोज लिहिलं, नोंद ठेवली आणि ती नोंद नेमानं दुसऱ्याला दाखवली: १५७. गट लहान होते, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. पण हे वाचलं त्या रात्रीपासून मी एका मैत्रिणीला रोज दहा वाजता फक्त त्या दिवशी लिहिलेल्या शब्दांचा आकडा पाठवायला लागले. तीही पाठवायची. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘११०.’ ‘६०.’ ‘०, पाहुणे.’ ‘०, मीही.’ पाहुणे न येताही शून्य पाठवणं ज्या दिवशी जड जायला लागलं, त्या आठवड्यात तिसरं प्रकरण संपलं.

अर्धवट राहिलेलं छळतं

बर्लिनच्या एका कॅफेतला वेटर बिल चुकतं होईपर्यंत कुणी काय मागवलं ते बिनचूक सांगायचा आणि पैसे हातात पडले की सगळं विसरायचा, अशी गोष्ट सांगतात. त्यावरून ब्लूमा झायगार्निक या विद्यार्थिनीनं कुर्ट लेविन यांच्या हाताखाली प्रयोग केले. १९२७ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की पूर्ण केलेल्या कामापेक्षा मध्येच तोडलेलं काम जास्त लक्षात राहतं. विशेष म्हणजे हा तिचा डॉक्टरेटचा प्रबंध होता. अर्धवट कामावरचा, पूर्ण झालेला प्रबंध!

नंतर इतरांनी प्रयोग करून पाहिले तेव्हा हा परिणाम दर वेळी काही सापडला नाही. पण लग्नाच्या पंगतीत जिलबीचा घास घेताना एकदम ‘तळटीप ३७ चं पान चुकलंय’ हे ज्याला आठवलंय, त्याला पुराव्याची गरज नाही. त्यावरचा उताराही आहे. २०११ मध्ये मासिकांपो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांना असं दिसलं की काम पूर्ण करायचीही गरज नसते. ते कधी आणि कसं करणार एवढं नेमकं ठरवलं तरी डोक्यातली टोचणी थांबते. तेव्हा जिलबी खाली ठेवू नका. रुमालावर ‘सोमवार, दुपारी दोन, टीप ३७’ लिहा आणि मठ्ठा मागवा.

वेळ झाली!

आता झटपट.

नेदरलँड्समध्ये जाहीर व्हायवा चालू असतो. लायडनसारख्या ठिकाणी ४५ मिनिटं झाली की दंडधारी अधिकारी आत येतो आणि लॅटिनमध्ये पुकारा करतो, ‘होरा एस्ट’, म्हणजे वेळ झाली. उमेदवार वाक्याच्या मध्यावर असला तरी सुटला. आपल्याकडे ही सोय चहा घेऊन येणारा शिपाई करतो.

स्वीडनमध्ये व्हायवाच्या निदान तीन आठवडे आधी प्रबंध विद्यापीठातल्या फळ्यावर खिळा मारून ठोकायची रीत आहे. फिनलंडमध्ये नव्या डॉक्टरला समारंभात उंच टोपी आणि चक्क तलवार मिळते. जर्मनीतल्या ग्यॉटिंगनमध्ये पदवी मिळाली की चौकातल्या कारंज्यावर चढून तिथल्या हंसवाल्या मुलीच्या पुतळ्याचा मुका घ्यायचा. त्याच जर्मनीत वेळापत्रकात ‘सी. टी.’ अशी अक्षरं दिसली तर तास दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं नंतर सुरू होतो, म्हणजे उशिराला तिथं सरकारी मान्यता. आपण ती न मागताच घेतलेली आहे.

आणि तीन मिनिटांत प्रबंध सांगायची ती स्पर्धा, ‘थ्री मिनिट थिसिस’? ती सुरू झाली २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड विद्यापीठात. तिथं तेव्हा कडक दुष्काळ होता. पाणी वाचावं म्हणून लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावत. वाळू संपली की नळ बंद. त्यावरून एकाला सुचलं की विद्यार्थ्यांचाही नळ असाच बंद करावा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली आपल्याला मात्र हे सुचलं नाही.

‘अ’ अजून चालू आहे

घाई करणाऱ्या गाईडला दाखवायला आपल्याकडे दोन गोष्टी आहेत. एक, पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधला संस्कृतचा महाकोश. १९४८ मध्ये काम सुरू झालं, सुमारे पंधराशे ग्रंथांतून शब्द वेचले, पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्यानंतर एकामागून एक खंड निघत आले, आणि अक्षर अजून ‘अ’च आहे. दोन, महामहोपाध्याय पां. वा. काणे. वकिली सांभाळून ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती तयार करताना त्यांच्या मनात आलं की सोबत धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास द्यावा. त्या थोडक्याचा पहिला खंड १९३० मध्ये आला, पाचवा १९६२ मध्ये पुरा झाला. साडेसहा हजारांहून अधिक पानं आणि पुढच्याच वर्षी भारतरत्न. मी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, ‘काणे व्हायचं असेल तर खुशाल वेळ घ्या.’ पुढच्या गुरुवारी मी चौथं प्रकरण पाठवलं.

शेवटचा मुक्काम

विद्यापीठाच्या बाहेरच्या गल्लीत एक बाइंडिंगचं दुकान आहे. मालक काका साठीचे, हाताला डिंकाचा वास. महिनाअखेर होती, माझ्या आधी दहा जणांचे गठ्ठे रांगेत. काकांनी वहीत माझं नाव लिहिलं: पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.

‘कधी पाहिजेत?’

‘उद्या सकाळी.’

‘सगळ्यांना उद्या सकाळीच पाहिजे असतात,’ ते शांतपणे म्हणाले. ‘डिंक वाळायला रात्र लागते. अकराला या.’

मग कण्यावर छापायचा मजकूर वाचून घेतला. एकेक अक्षर बोटानं दाखवत. ‘नावाआधी डॉ. लावायचं का? काही जण आत्ताच लावून घेतात.’

‘नको हो, व्हायवा व्हायचाय अजून.’

‘किती दिवस लागतील?’

‘महिना,’ मी म्हटलं. ‘फार तर दीड.’

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे एकदा आणि मागच्या रांगेकडे एकदा बघितलं. ‘सात-आठ महिने धरा, ताई.’

साडेसात लागले.